जंगलातली खोदाई सॅटेलाइटवरून कशी पकडायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात आत कुठं जेसीबी लागला तर बाहेर कळेपर्यंत महिने जातात, तोवर झाडं गेलेली असतात. पण वरून फोटो निघतच असतात की, तेही फुकट. ते वाचता आले पाहिजेत.

आधी नजर बसवायला अमेरिकेतलं वायोमिंग बघा. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो घ्या, पाइनडेल गाव शोधा आणि तिथनं दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर खाली सरका. हे जोना, नैसर्गिक वायूचं क्षेत्र. वर घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबून जुन्या सालात जा, मग एकेक वर्ष पुढं या. मोकळ्या झुडपी माळावर वायूच्या विहिरींसाठी सपाट केलेले फिकट चौकोन उमटत जातात, प्रत्येकाला एक रस्ता, आणि शेवटी सगळा माळ जाळ्यासारखा दिसतो. एक विहीर फार जागा खात नाही, पण रस्ते धरले तर रानाचे तुकडे तुकडे होतात, म्हणून नवीन काही शोधताना आधी रस्ता शोधा.

आपल्याकडं गॅसच्या विहिरी नाहीत, दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन तेवढी बेळगाववरून जाते. पण चिऱ्याच्या खाणी, क्रशर, कालवे यांची खूण तीच, उघडी माती आणि तिकडं जाणारा रस्ता.

आता कोपर्निकस ब्राउझर उघडा, ही युरोपची सॅटेलाइट फोटोंची फुकट वेबसाइट. त्यात सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट निवडा, ढगांची टक्केवारी कमी ठेवा, आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी गावावर या. म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या कळसा कालव्याची खोदाई कुठं झालीय ते तुम्हाला माहीतच आहे, त्यावर हात साफ करा आणि मग भीमगड अभयारण्याकडं वळा. एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, त्यामुळं एकटं झाड तुटलेलं दिसणार नाही, अर्धा एकर साफ झाला तर दिसेल. फॉल्स कलर, म्हणजे बदललेल्या रंगांचा पर्याय, लावला की झाडी लालभडक होते आणि उघडी माती करडी, फिकट राहते.

सगळ्यात महत्त्वाचं, तुलना त्याच महिन्याची करा. ऑक्टोबरचा फोटो मार्चच्या शेजारी ठेवलात तर पानगळ आणि कापलेली भातं बघून उगाच घाबराल. जून ते सप्टेंबर ढगच ढग, त्यामुळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

संशय आला तर लगेच व्हॉट्सॲपवर टाकू नका. परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंजुऱ्यांच्या वेबसाइटवर, त्या जागेला मंजुरी मागितलीय का बघा, तिथं प्रस्तावाचे नकाशेही मिळतात. जवळच्या गावातल्या माणसाला फोन करून विचारा, अभयारण्यात परवानगीशिवाय स्वतः शिरू नका. तिथल्या बारापेडे गुहांतली रॉटनची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी उरलीत, तिथली शांतता मोडणं बरं नव्हे.

मग दोन तारखांचे फोटो शेजारी-शेजारी, जागेचे अक्षांश-रेखांश आणि मोजलेलं क्षेत्रफळ असा अर्ज वनखात्याच्या रेंज ऑफिसात द्या. पोच शिक्क्यासकट घ्या, कारण पुढं माहिती अधिकारात विचारायची वेळ आली तर तीच लागते.