लेक माद्रिदला शिकतेय? आधी अल्हाम्ब्राचं तिकीट काढा

तिला भेटायचंय, स्पेनही बघायचाय, पण सगळं तिच्या सुट्टीवर अडतं. मग असं करा:

१. ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याचं शनिवार-रविवारचं तिकीट सर्वांत आधी काढा. ते फार लवकर संपतं. बाकीचा कार्यक्रम त्याच्या मागेपुढे बसवता येतो.

२. तिच्या कॉलेजच्या दिवशी तुम्ही माद्रिदजवळची तोलेदो, सेगोविया ही शहरं उरका. वेगवान रेल्वेने दोन्ही अर्ध्या तासाच्या आसपास. संध्याकाळी तिच्यासोबत जेवायला परत; तिथे रात्रीचं जेवण तसंही ९ च्या पुढेच!

३. बार्सिलोना शेवटी ठेवा आणि परतीचं विमान तिथूनच घ्या.

अल्हाम्ब्राला मूळ पासपोर्ट जवळ हवा, तिकीट नावावर असतं. तिथल्या नासरी महालांची तिकिटावरची वेळ चुकली, तर आत सोडत नाहीत.