ढाक्याशी व्यवहार? आठवडा चारच दिवसांचा धरा

बांगलादेशला सूत, कापड किंवा मशिनचे सुटे भाग पाठवणाऱ्यांची एक नेहमीची रखडपट्टी: शुक्रवारी केलेल्या मेलला सोमवारी उत्तर. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार आणि बँकांना दुसरा-चौथा शनिवारही. दोन्हीकडच्या बँका उघड्या असतात त्या सोमवार ते गुरुवार.

१. गूगल कॅलेंडरमध्ये तिकडच्या सुट्ट्या वेगळ्या रंगात टाका. १६ डिसेंबर (विजय दिन), २६ मार्च (स्वातंत्र्य दिन) विसरू नका. ईद चंद्रावर ठरते, म्हणून मागेपुढे काही दिवस मोकळेच सोडा.

२. एलसीचा (म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राचा) मसुदा, दुरुस्ती, प्रोफॉर्मा इनव्हॉइस (सौद्याआधीचं कच्चं बिल), जे काही समोरच्याच्या बँकेत जायचं ते बुधवारपर्यंत पाठवा. गुरुवार दुपार धोक्याची, कारण त्यांचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे. आपल्याकडे साडेतीन वाजले की तिकडे चार, आणि मग थेट रविवार!

३. रविवारी तिकडे ऑफिस चालू असतं. पार्टीशी दर, पॅकिंग, लेबल हे बोलून घ्यायला हा वार उत्तम. फोनही पटकन उचलला जातो. आपली सुट्टी जाते खरी, पण सोमवारी कामाला थेट सुरुवात होते.

इजिप्तलाही शुक्रवार-शनिवारच सुट्टी, तेव्हा कैरोसाठी वारांपुरती हीच पद्धत.

एक मात्र सांभाळा. एलसीवर यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असेल आणि कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख बँकेच्या नेहमीच्या सुट्टीत आली, तर ती पुढच्या कामाच्या दिवसावर सरकते. माल चढवण्याची शेवटची तारीख सरकत नाही.