मोहर सॉल्टच्या बाटलीवरचा आकडा

रसायनशास्त्रात बीएस्सी करून गोव्यातील वेर्णे औद्योगिक वसाहतीत सांडपाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे आपले मोहर सॉल्ट, मला पुरते ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. रेणुभार 392.14, फिकट निळसर-हिरवे स्फटिक, स्फटिकजलाचे सहा रेणू, साध्या फेरस सल्फेटपेक्षा हवेत अधिक टिकाऊ, हे सारे तोंडी परीक्षेत मी घडाघड सांगितले होते. त्या ‘अधिक टिकाऊ’नेच मला फसवले, कारण ते वर्णन कोरड्या स्फटिकांचे आहे, द्रावणाचे नव्हे.

सीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, कसे काढतात ते तुम्ही शिकला असालच: डायक्रोमेट ते पदार्थ ऑक्सिडाइझ करते आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने (एफएएस) मोजतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात, जुलै महिन्यात, एका कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना माझ्याकडे आला. नमुना 20 मिलि, 0.25 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे एकक) डायक्रोमेट 10 मिलि, दोन तास रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत येईल असे उकळणे), मग फेरॉइन हा सूचक घालून एफएएसने अनुमापन (टायट्रेशन). ब्लँकला, म्हणजे नमुन्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी घेतलेल्या फ्लास्कला, 27.1 मिलि लागले, नमुन्याला 20.6. एफएएसच्या बाटलीवर ‘0.1 नॉर्मल’ असे ठसठशीत लिहिलेले होते. फरक 6.5, त्याला 0.1 ने आणि 8000 ने गुणून 20 ने भागले की 260 मिलिग्रॅम प्रति लिटर. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मधील सर्वसाधारण मानकानुसार नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा 250 आहे. म्हणजे नमुना नापास, आणि तसा अहवाल मी टंकायलाही घेतला होता.

आता जरा थांबून तो ब्लँक पुन्हा पाहा. 0.25 नॉर्मलचे 10 मिलि डायक्रोमेट बरोबर 0.1 नॉर्मल एफएएसचे 25 मिलि संपवते, त्याहून जास्त नाही. ब्लँकमध्ये सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसल्यामुळे तेथे आकडा पंचविसाला टेकलेला किंवा किंचित कमी असायला हवा. तो 27.1 आला, याचा अर्थ एकच होता: द्रावण पातळ पडले होते, बाटलीतील काही फेरस आयनांचे फेरिक होऊन गेले होते, आणि तेवढेच काम करायला जास्त द्रावण लागत होते. मी मात्र ‘ऊर्ध्वपातित पाणी चांगले असेल’ असा काहीतरी समज करून घेऊन पुढे गेले. वरिष्ठ मॅडमनी वहीवर नजर टाकून विचारले, "आज स्टँडर्डाइझ केलेस का?" म्हणजे एफएएसची नेमकी तीव्रता तपासून घेतलीस का. केले नव्हते. त्याच डायक्रोमेटचे 10 मिलि पाण्याने 100 मिलि करून, 30 मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल घालून, थंड झाल्यावर अनुमापन केले तेव्हा 27.2 मिलि लागले. 2.5 भागिले 27.2, म्हणजे 0.092. त्या आकड्याने सीओडी आले 239. नमुना पास होता. चूक सुमारे पावणेनऊ टक्क्यांची, आणि ती नेमकी मर्यादेच्या दोन बाजूंना पडली होती.

एफएएस रोज, होय, रोज, डायक्रोमेटसमोर तपासावे लागते. दहा मिनिटांचे काम आहे. ‘कालचाच फॅक्टर घाल, एवढे काय होते’ असे सांगणारा सहकारी प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. तो वेळ वाचवतो, पण अहवालावर सही त्याची नसते. तयार आकडा हातात ठेवणाऱ्यापेक्षा नुसता प्रश्न विचारून निघून जाणारा वरिष्ठ मला आज शंभरपट बरा वाटतो, जरी त्या दिवशी मॅडमचा मला रागच आला होता.

द्रावण का बिघडले, याचेही उत्तर माझ्याच हातात होते. मी 39.2 ग्रॅम मीठ (म्हणजे मोहर सॉल्ट) नुसत्या पाण्यात विरघळवून जेवायला गेले होते आणि आम्ल नंतर घातले होते. आम्ल नसले की फेरस आयन हवेतील ऑक्सिजनला लवकर बळी पडतात, पिवळसर झाक येते, पुढे तपकिरी गाळ धरतो. म्हणून आधी पाण्यात सावकाश 20 मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल, ते थंड झाल्यावर मीठ, मग लिटरपर्यंत भर. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नव्हे, हे सांगायची गरज नाही असे मला वाटत असे. आता तसे वाटत नाही. बाटली गडद रंगाची, घट्ट बुचाची आणि शक्यतो भरलेली असावी.

गोव्याच्या पावसाळ्यात घन मिठाकडेही लक्ष ठेवा. स्फटिकांवर पिवळट-तपकिरी थर दिसला तर ती बाटली अचूक कामासाठी वापरू नका. एका नवख्या मुलाने ओलसर मीठ ओव्हनमध्ये वाळवायला ठेवले होते. डायक्रोमेट तसे वाळवतात, हे नाही. उष्णतेने स्फटिकजल निघून जाते आणि वजनाचा हिशेबच कोसळतो.

हाताळण्याच्या बाबतीत घाबरून जाऊ नका. मोहर सॉल्ट त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक आहे, पोटात जाऊ देऊ नये, अल्कलीत मिसळल्यास अमोनिया सुटतो; हातमोजे आणि चष्मा पुरेसे आहेत. खरी भीती त्याच्या सोबत्यांची बाळगा. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि क्लोराइड बांधण्यासाठी घातलेले मर्क्युरिक सल्फेट जहाल विष आहे. जुवारीच्या खाडीकाठचे खारट नमुने आले की क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट लागते, म्हणजे पाराही वाढतो. अनुमापन संपलेला फ्लास्क बेसिनमध्ये ओतणे हा आळस नव्हे, गुन्हा आहे. तो वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्येच गेला पाहिजे.

पहिल्या महिन्यात माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर लोखंडाचे तपकिरी डाग पडले आणि साबणाने ते हटेनात. आईने परसातली बिंबले (आंबट फळे) चिरून डागांवर चोळली, अर्धा तास ठेवली आणि धुतली. बिंबलात भरपूर ऑक्झॅलिक आम्ल असते, ते फेरिक आयनाला धरून पाण्यात विरघळवते. डाग गेले. ते पाहून मी कामावर बाटलीवरचा ‘0.1’ पुसला आणि तेथे रोज सकाळी बदलता येईल अशी तारखेची चिठ्ठी लावली.