घरचं गोड गिफ्ट पॅक करताय? आधी गार होऊ द्या

कुकीज असो की फज, घाईघाईत कोमट असतानाच डबा बंद केला की संपलं. वाफेचं पाणी झाकणाला आतून धरतं, तेच थेंब खाली पडतात आणि कुरकुरीत माल दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, मी हे करून बसलेय म्हणून सांगतेय. जाळीवर ठेवून पूर्ण गार करा, तळाला हात लावून बघा, वरून गार वाटलं तरी खालून कोमट असतं.

आणि मऊ आणि कुरकुरीत एकाच डब्यात अजिबात नको, ओलावा इकडून तिकडे जातोच. थरांमध्ये बटर पेपर घाला. चमकीचा गिफ्ट पेपर डायरेक्ट खाण्याला लावू नका, तुपाचे डाग पण पडतात त्यावर, म्हणून आधी डबा आणि मग बाहेरून सजावट.

रिबन कुरळी करायची तर प्लास्टिकचीच घ्या, कात्रीच्या बोथट कडेवर अंगठ्याने दाबून हळूहळू, एकसारखी ओढा, झटक्यात ओढली तर नीट कुरळी होत नाही. कापडी रिबनला हे जमत नाही, तिचा साधा बो बांधलेलाच बरा दिसतो.

चिठ्ठीवर तारीख आणि आत शेंगदाणे, बदाम वगैरे असतील तर तेही लिहा, एखाद्याला ॲलर्जी असते.