ॲक्सेस पॉइंटचे आकडे वाचायला शिकताना

नेटवर्क देखरेखीच्या कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे लोअर परळमधल्या एका दोन मजली कार्यालयाचे वायरलेस सोपवण्यात आले. सकाळी अकराच्या सुमारास मोठ्या बैठकखोलीतले व्हिडिओ कॉल अडखळतात, अशी तिथली तक्रार होती. मी अंधेरीतल्या आमच्या डेस्कवरून त्या खोलीच्या ॲक्सेस पॉइंटचे, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या उपकरणाचे, पान उघडले. जोडलेली उपकरणे ९ होती, वापर सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट होता आणि गेलेल्या-आलेल्या बाइटचे दोन लांबलचक आकडे समोर होते. ‘भार कमी आहे, उपकरण व्यवस्थित चालू आहे,’ असा शेरा मारून मी तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केले. दोन तासांत ते पुन्हा उघडले गेले. आमचे शिफ्टप्रमुख खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनी दोनच प्रश्न विचारले, “हा आकडा कधीपासूनचा आहे ते पाहिलंस का? आणि त्या चॅनेलवर आपल्याशिवाय अजून कोण बोलतंय?” चॅनेल म्हणजे ॲक्सेस पॉइंट ज्यावर बोलतो ती रेडिओलहरींची ठरावीक पट्टी. मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी हे दोन प्रश्न मनाशी पक्के धरावेत, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

पहिला प्रश्न काउंटरचा आहे. बाइट, पॅकेट, चुका, पुन्हा पाठवलेल्या फ्रेम (पॅकेट आणि फ्रेम म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे) हे सर्व आकडे उपकरण सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात. रिक्षाच्या मीटरप्रमाणे ते नुसते वाढत जातात. त्यामुळे ‘पुन्हा पाठवलेल्या फ्रेम २ लाख’ हे वाचून घाबरण्यात अर्थ नाही आणि निश्चिंत होण्यातही नाही. पाच मिनिटांच्या अंतराने दोन वाचने घ्यावीत, वजाबाकी करावी, आणि त्याच पाच मिनिटांत एकूण किती फ्रेम गेल्या त्याच्याशी ती ताडून पाहावी. वाचनाशेजारी उपकरण किती वेळ चालू आहे हेही लिहून ठेवावे, कारण मधेच वीज जाऊन ते पुन्हा सुरू झाले असेल तर मोजणी शून्यापासून सुरू होते आणि वजाबाकी उणे येते.

या वजाबाकीत आणखी एक खाच आहे, आणि तिच्यात मी स्वतः अडकले आहे. जुन्या पद्धतीचे काउंटर ३२ बिटांचे असतात. ते ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातात आणि पुन्हा शून्यावर येतात. बाइटच्या हिशेबात ही मर्यादा सुमारे ४.२९ गिगाबाइट होते. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने माहिती वाहत असेल तर ती पावणेसहा मिनिटांच्या आत गाठली जाते. पाच मिनिटांनी एकदा वाचणारी प्रणाली एक फेरी ओळखून दुरुस्त करू शकते, परंतु वेग ११५ मेगाबिटच्या वर गेला की दोन वाचनांच्या मधे काउंटर पूर्ण फिरून पुढे गेलेला असतो आणि ते कोणालाच कळत नाही. मी एका ग्राहकाला पाठवलेल्या आलेखात, कार्यालय भरू लागले की वापर घटताना दिसत होता! ६४ बिटांचे काउंटर निवडल्यावर तोच आलेख सरळ झाला.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर बाइटच्या आकड्यात कधीच सापडत नाही. हवा सामायिक असते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि बाकीच्यांनी थांबायचे असते. त्यामुळे आपला माल किती गेला यापेक्षा चॅनेल किती वेळ अडलेले होते हे आधी पाहावे. बहुतेक ॲक्सेस पॉइंट याचे दोन आकडे मिलिसेकंदांत देतात: चॅनेल किती वेळ ऐकले आणि त्यातला किती वेळ ते व्यग्र आढळले. परळच्या त्या खोलीत १०.५५ आणि ११.०० अशी दोन वाचने आम्ही घेतली. ऐकण्याचा वेळ ३,००,००० ने वाढला होता आणि व्यग्र वेळ २,४६,००० ने, म्हणजे ८२ टक्के. त्यात आमच्या ॲक्सेस पॉइंटचे स्वतःचे प्रसारण होते अवघे ४५,०००, म्हणजे १५ टक्के. उरलेला व्यग्र वेळ तो इतरांचे ऐकत थांबून होता.

हे इतर कोण, याचा शोध लागल्यावर आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दोन मजल्यांवरचे आमचेच चार ॲक्सेस पॉइंट त्या खोलीत एकाच चॅनेलवर ऐकू येत होते, आणि प्रत्येकावर पाच-पाच नेटवर्कनावे चालू होती. प्रत्येक नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या अस्तित्वाची हाळी देते, तिला बीकन म्हणतात. ही हाळी १ मेगाबिटच्या सर्वांत धीम्या वेगाने दिली तर तिला दोन मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे प्रत्येक नावामागे हवेचा दोन टक्क्यांहून अधिक वेळ खर्ची पडतो. वीस नावांचा हिशेब चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो, तोही कोणी एक अक्षर न पाठवता.

रेडिओच्या मांडणीबद्दल एकच सवय लावून घ्यावी: ठरवून दिलेले मूल्य आणि प्रत्यक्षात चालू असलेले मूल्य या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या वाचाव्यात. चॅनेलसमोर ‘ऑटो’ लिहिलेले असते, पण आत्ता तो कोणत्या चॅनेलवर आहे हे दुसऱ्याच पानावर असते. प्रसारणशक्तीचेही तसेच आहे. डीबीएम हे रेडिओशक्तीचे एकक; २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट आणि १५ डीबीएम म्हणजे सुमारे ३२. फोन बहुधा या खालच्या आकड्याच्या आसपास बोलतो. म्हणून फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही ॲक्सेस पॉइंटला तो फोन उणे ७८ डीबीएमवर (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) ऐकू येत असेल, तर संभाषण तुटणारच. आवाजाच्या कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल असावा, असे आम्ही धरून चालतो. ग्राहक शक्ती वाढवायला सांगतात तेव्हा मी आधी हा उलट्या दिशेचा आकडा पाहते.

५ गिगाहर्ट्झमध्ये मुंबईकरांनी रडारचेही भान ठेवायला हवे. भारतात २०१८ साली हा पट्टा बराच मोकळा झाला, पण ५२ ते १४४ ही चॅनेल रडारशी वाटून घ्यायची असतात. त्यांवर बोलण्याआधी साधारणतः ६० सेकंद नुसते ऐकावे लागते, आणि रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. कुलाब्याचे हवामान रडार एस-बँडचे, म्हणजे वेगळ्या रेडिओपट्ट्यातले आहे, त्याचा इथे संबंध येत नाही; अंधेरीतल्या वेरावलीचे, २०२२ साली सुरू झालेले रडार मात्र सी-बँडचे, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आहे. अंधेरी पूर्वेच्या एका कार्यालयात आठवड्यात तीनदा सगळ्यांचे नेट मिनिटभर गेले आणि नोंदवहीत तिन्ही वेळा रडारचा उल्लेख निघाला. चाहूल खरी होती की भास होता, हे नोंदीवरून ठरवता येत नाही. आम्ही ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ या चॅनेलवर सरकलो आणि ती तक्रार थांबली.

परळला आम्ही नावे पाचांवरून तीनवर आणली आणि सर्वांत कमी वेग १ वरून १२ मेगाबिट केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला व्यग्रता ४४ टक्के आली. बाइट जवळपास तेवढेच होते. मात्र सकाळी साडेनऊलाच तिथून फोन आला होता, कारण दाराजवळचे अंगठ्याच्या हजेरीचे जुने यंत्र ११ मेगाबिटच्या वर बोलूच शकत नव्हते, ते नेटवर्कमधून बाहेर पडले होते आणि उद्वाहनापर्यंत रांग लागली होती. आदल्या संध्याकाळी जोडलेल्या उपकरणांची यादी वेगाच्या रकान्यानुसार लावून पाहिली असती तर ते सर्वांत वरच दिसले असते. दुपारपर्यंत त्या यंत्राला केबल ओढून दिली.