लेगो टेक्निकची खरी चालणारी जिप्सी: आधी चासी, बॉडी सगळ्यात शेवटी

लेगो टेक्निकची, म्हणजे लेगोच्या गिअर, दांडे आणि भोकांच्या पट्ट्यांच्या प्रकारातली, गाडी बनवायची म्हटलं की बहुतेक जण आधी बॉनेट, दरवाजे, दिवे करायला घेतात आणि मग लक्षात येतं की आत गिअरबॉक्सला जागाच उरली नाहीये. ढकलली की पिस्टन खालीवर होणारी, खालचा गिअर टाकला की पिस्टन जोरात पळणारी, खड्ड्यात एक चाक गेलं तरी बाकी तीन जमिनीवर ठेवणारी गाडी हवी असेल तर ती आतून बाहेरच बनवावी लागते. लेगोनं स्वतः १९७७ मध्ये सुरुवात केली तीही अशीच, ८५३ नंबरचा सेट म्हणजे नुसती चासी, गाडीचा खालचा सांगाडा, होती, पिस्टन हलणारं इंजिन आणि स्टीअरिंग, वर बॉडी नाहीच. मला अजूनही वाटतं की शिकायला त्याच्याइतकी चांगली पद्धत दुसरी नाही.

उदाहरण म्हणून आपण मारुती जिप्सी घेऊया. पोलिसांची असो, ताडोबाच्या गेटवर रांगेत उभी असो, आपल्याकडे सगळ्यांच्या नजरेत बसलेली गाडी आहे. शिवाय ती यांत्रिकदृष्ट्या सरळ आहे, लॅडर चासी (शिडीसारखी), पुढं-मागं दोन्हीकडे सलग हाउसिंग (दोन चाकांना जोडणारी अखंड नळी), स्प्रिंगऐवजी पाटे, आणि लिव्हर टाकला की फोर बाय फोर. मॉडेल करायला अशी गाडी सोपी पडते, आणि बाहेरून डबा असल्यामुळे बॉडीही अवघड नाही.

पहिलं काम टायर निवडायचं. हे उलटं वाटेल पण लेगोमध्ये बीम, म्हणजे भोकांची पट्टी, कुठल्याही लांबीचा जोडता येतो, टायर मात्र ठराविक मापातच मिळतात, म्हणून स्केल टायरवरून ठरतं. जिप्सी किंगचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे १५ इंची रिम ३८१ मिमी आणि वर-खाली रबर प्रत्येकी साधारण १४३ मिमी (२०५ च्या ७० टक्के), एकूण व्यास ६६८ मिमीच्या आसपास. लेगोचा एक टायर आहे त्याच्यावरच ६२.४ x २० असं छापलेलं असतं. ६६८ भागिले ६२.४ केलं की १०.७ येतं, म्हणजे स्केल १:१०.७. आणि रुंदी बघा, खरा टायर २०५ मिमी, १०.७ नं भागला की १९ मिमी, आपला टायर २०. इतका जवळचा मेळ क्वचित जमतो.

आता बाकीची मापं काढायची. लेगोच्या दोन भोकांमधलं अंतर ८ मिमी असतं, त्याला स्टड म्हणतात. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, भागिले १०.७, भागिले ८, आले २८ स्टड. लांबी ४०१० मिमी म्हणजे ४७ स्टड, रुंदी १५४० मिमी म्हणजे बरोबर १८. इथं १८ घेऊ नका, १७ घ्या. मधून प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) जाणार, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) मधोमध बसणार, स्टीअरिंग मधे येणार, आणि रुंदी सम असली की मधलं भोकच नसतं, मग सगळीकडे अर्ध्या स्टडची मारामारी होते. एक स्टड कमी झालेला कुणाला दिसत नाही, चाकांवरच्या फ्लेअरनं, म्हणजे बाहेर आलेल्या कडेनं, तो भरूनही निघतो.

सुटे भाग घेताना बीम एकमेकांना जोडणाऱ्या पिनांकडे नीट लक्ष द्या. काळी पिन घट्ट बसते, ती सांगाड्यासाठी. तीच साइज करड्या रंगात सैल असते, ती जिथं हालचाल आहे तिथं, म्हणजे स्टीअरिंगचे हात, सस्पेन्शनचे सांधे. तीन स्टडच्या लांब पिनेत निळी घट्ट आणि बिस्किटी रंगाची सैल. ही एक गोष्ट चुकली तर गाडी वळतच नाही आणि कारण सापडत नाही. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तातल्या सारख्या दिसणाऱ्या पिनांची पिशवी मागवली होती, त्या इतक्या घट्ट निघाल्या की काढताना बीमची भोकंच सैल झाली, तेव्हापासून चासीत फक्त खात्रीच्या पिना. जुने वापरलेले भाग घेतलेत तर कोमट पाण्यात साबण घालून धुवा, गरम पाणी नको, ४० डिग्रीच्या वर गेलं की प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो.

चासीसाठी दोन्ही बाजूंना लांब रूळ. सरळ बीम जास्तीत जास्त १५ भोकांचाच येतो, त्यामुळे जोड द्यावा लागणार, तर जोडावर किमान ५ भोकं एकावर एक येऊ द्या आणि दोन पिना जोडाच्या दोन टोकांना लावा, शेजारीशेजारी नको. मधे आडवे बीम टाकले तरी आयत हातात धरून पिळला की पिळवटतो. त्याला तिरका आधार पाहिजे, आणि तिरका बीम भोकात बरोबर बसायचा असेल तर शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण कामाला येतो, फक्त भोकं मोजताना प्रत्येक बाजूला एक जास्त धरायचं, म्हणजे ४, ५ आणि ६ भोकांचे बीम. बीम जबरदस्तीनं वाकवून कधी बसवू नका, आज बसेल, महिन्याभरानं तोच अ‍ॅक्सल, म्हणजे गिअर आणि चाकं ज्यावर बसतात तो दांडा, पकडून ठेवेल.

आता गिअर. इथं गणित इतकं सुंदर आहे की एकदा कळलं की परत अंदाजानं काही लावावं लागत नाही. दोन गिअरच्या दातांची बेरीज करा, १६ नं भागा, जे येईल तितक्या स्टडच्या अंतरावर ते दोघं नीट जुळतात. ८ आणि २४, बेरीज ३२, अंतर २. १६ आणि १६, तेही २. १२ आणि २०, परत २. म्हणजे दोन समांतर अ‍ॅक्सल २ स्टडवर ठेवले की तीन वेगवेगळ्या जोड्या त्याच अंतरावर बसतात, आणि गिअरबॉक्स म्हणजे दुसरं काय. २० आणि २० ला मात्र अडीच लागतात, ते सरळ भोकांत बसत नाही.

पहिल्या गाडीला दोनच गिअर करा. एका अ‍ॅक्सलवर १६ आणि १२ दातांचे पक्के गिअर. दुसऱ्या अ‍ॅक्सलवर समोरासमोर १६ आणि २० चे क्लचवाले गिअर, हे अ‍ॅक्सलवर मोकळे फिरतात, आणि त्या दोघांच्या मधे सरकणारी ड्रायव्हिंग रिंग. रिंग ज्या गिअरला जाऊन भिडेल तो अ‍ॅक्सलला पकडला जातो, मधे उभी असली की न्यूट्रल. १६ ला १६ म्हणजे १:१, आणि १२ ला २० म्हणजे १.६७. हा सगळा संच ५ बाय ७ च्या फ्रेममध्ये बसवा, अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना आधार मिळतो आणि गिअर एकमेकांपासून लांब पळत नाहीत.

पुढं ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधला जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) हाय-लोसाठी असाच दुसरा संच जोडायचा मोह होतो, चार गिअर मिळतील म्हणून. मिळतात तीनच. १.६७ गुणिले १.६७ म्हणजे २.७८, १.६७ गुणिले १, १ गुणिले १.६७, आणि १. मधले दोन सारखेच. पण जिप्सीसाठी हे मला आवडतं, कारण लोमध्ये पहिला टाकल्यावर जो जोर हवा तो २.७८ मध्ये येतो आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर खरोखर काहीतरी करतो.

ट्रान्सफर केसमधून एकच लांब शाफ्ट पुढं आणि मागं जातो. मागच्या बाजूला कायम जोडलेला, पुढच्या बाजूला मधे एक ड्रायव्हिंग रिंग, ती सरकवली की फोर बाय फोर. मधे डिफरन्शियल नको, खऱ्या जिप्सीतही नाही.

डिफरन्शियलला १२ दातांच्या पिनियननं (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) २८ दातांचा क्राऊन (डिफरन्शियलवरचा मोठा गिअर) फिरवायचा, २.३३ चा रेशो. आणि आता नीट वाचा, फोर बाय फोर करणारे बहुतेक जण इथंच अडकतात. मागच्या हाउसिंगमध्ये क्राऊन पिनियनच्या डाव्या बाजूला असेल तर पुढच्या हाउसिंगमध्ये तो गाडीच्या उजव्या बाजूला पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला ठेवले तर पुढची चाकं पुढं आणि मागची मागं फिरायला बघतात आणि गाडी जागची हलत नाही, लोक समजतात गिअर अडकला. सोपा उपाय म्हणजे डिफ आणि पिनियनचा एकच संच डोळे झाकून दोनदा बनवा आणि त्यातला एक पूर्ण फिरवून समोर तोंड करून लावा. आरशातल्यासारखी प्रत बनवायची नाही, तीच वस्तू फिरवायची.

प्रॉपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजवाले ज्याला क्रॉस म्हणतात तो. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच रेषेत ठेवा. एक आडवा एक उभा असा लावला की हाउसिंग खालीवर झाल्यावर शाफ्ट एकसारखा फिरत नाही, हाताला गचके जाणवतात. पुढच्या चाकाजवळच्या जॉइंटचं केंद्र, चाक ज्या उभ्या रेषेभोवती वळतं, त्या रेषेवरच यायला हवं, नाहीतर चाक वळवलं की अ‍ॅक्सल खेचला जातो आणि हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) निघून येतो.

सस्पेन्शनमध्ये पाट्यांचा हुबेहूब भाग लेगोत नाही. मी शॉकअप उभे रुळांच्या आतल्या बाजूला लावतो आणि हाउसिंग पुढंमागं जाऊ नये म्हणून बॉल जॉइंटच्या लिंका देतो, एक आडवी लिंक हाउसिंग डावीउजवीकडे सरकू नये म्हणून. स्टीअरिंगची लिंक याच आडव्या लिंकेला समांतर आणि तेवढ्याच लांबीची ठेवा. असं केलं नाही तर खड्ड्यात चाक गेलं की स्टीअरिंग आपोआप फिरतं. जिप्सीत रॅक-पिनियन (दातांची पट्टी डावीउजवीकडे सरकवणारं स्टीअरिंग) नाही, स्टीअरिंग बॉक्स आहे, त्यामुळे चासीवर एक झुलणारा हात आणि त्यातून लिंक, हे खऱ्या गाडीच्याही जवळ जातं. आणि चाकाचे स्टीअरिंगचे हात सरळ मागं न ठेवता किंचित आत कललेले ठेवा, दोन्ही हातांची रेष वाढवली तर मागच्या हाउसिंगच्या मध्यावर भेटली पाहिजे. अ‍ॅकरमनची भूमिती म्हणतात ती हीच, घोडागाड्यांसाठी तिचं पेटंट १८१८ मध्ये निघालं होतं. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि फरशीवर टायर घासत नाही.

इंजिन चार सिलिंडरचं, सरळ रांगेत. क्रँक, म्हणजे पिस्टन खालीवर करणारा वाकडा दांडा, लावताना १ आणि ४ एकत्र वर, तेव्हा २ आणि ३ एकत्र खाली. नुसते क्रमानं ९० अंशांनी फिरवत लावले तरी हलतात, पण गाडीची माहिती असलेला माणूस लगेच ओळखतो.

आता घर्षण, सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आपली गाडी हातानं ढकलायची, म्हणजे चाक इंजिनला फिरवतं, जोर उलटा जातो. सरळ, म्हणजे १:१ च्या, गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे २.३३ फेरे, लोमध्ये २.७८ नं गुणलं की साधारण साडेसहा. या टायरचा घेर १९६ मिमी, म्हणजे एक मीटर ढकललीत तर चाक ५ वेळा फिरतं आणि इंजिन ३३ वेळा. इंजिनमधलं थोडंसं घर्षण चाकाजवळ साडेसहापट होऊन येतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला बोटानं तपासायचं. अ‍ॅक्सल बसवला, दोन बोटांत धरून फिरवला, टिचकी मारल्यावर तो स्वतः थोडा फिरत राहिला तरच पुढचा गिअर. नसेल फिरत तर नव्वद टक्के वेळा बुश (अ‍ॅक्सल सरकू नये म्हणून त्यावर घालायची छोटी कडी) दाबून बसलेला असतो, बुश आणि बीम यांच्या मधे कागद सरकेल इतकी फट हवी. बाकी वेळा दोन अ‍ॅक्सलची टोकं आत एकमेकांना टेकलेली असतात, ते बाहेरून दिसत नाही. आणि लांब अ‍ॅक्सल पिळ खातात, डोळ्यांदेखत पिळतात, म्हणून शाफ्ट मधे जोडून घ्या आणि दर ५-६ स्टडला आधार द्या.

चासी पूर्ण झाली की घरातला लाकडी पाट घ्या, एका बाजूला दोन जाड वह्या ठेवून उतार करा आणि गाडी सरळ गिअरमध्ये वरून सोडा. स्वतःच्या वजनानं पिस्टन हलवत खाली आली पाहिजे. मागच्या महिन्यात भाच्याची गाडी अर्ध्यावर थांबत होती, संध्याकाळभर दोघं बसलो, शेवटी सापडलं ते तिसऱ्या सिलिंडरच्या वर आडवा टाकलेला एक बीम, पिस्टन वर आला की त्याला जेमतेम टेकत होता. तो बीम एक भोक वर सरकवला आणि गाडी पाटावरून उतरून थेट कपाटापर्यंत गेली.

हे सगळं झाल्यावर बॉडी. जिप्सीला सपाट बॉनेट, उभी काच, मागं दरवाज्यावर स्टेपनी. बॉडी चार-सहा पिनांवरच टेकवा, म्हणजे एका झटक्यात पूर्ण उचलून निघेल, कारण आत हात घालायची वेळ परत परत येणार आहे. बॉनेट उघडं ठेवता येईल असं बिजागर द्या, आणि स्टेपनी मात्र सगळ्यात शेवटी लावा, तिच्या वजनानं मागचे शॉकअप थोडे खाली बसतात, ते बसल्यावरच गाडीची उंची पुढंमागं सारखी करून घ्या.