एमएच्या थिसिससाठी शाळेतल्या मेंटल हेल्थवर टॉपिक कसा निवडायचा

"शाळकरी मुलांचं मानसिक आरोग्य" असा टॉपिक घेऊन गाईडकडे गेलात तर परत पाठवणारच, कारण तो टॉपिक नाही, अख्खा विभाग आहे. आधी एकच प्रश्न पकडा. उदा. दादर-परळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या मुलाला टेन्शन आलं तर तो पहिल्यांदा कोणाला सांगतो, वर्गशिक्षकाला, समुपदेशकाला की मित्रालाच? किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे, पण मुलांना तो माहीत तरी आहे का, आणि माहीत असून फोन का करत नाहीत, यावर मस्त थिसिस होईल.

मग परवानगीचं बघा, खरी गोची इथेच होते. मुलं १८ च्या खालची, म्हणजे पालकांची लेखी संमती लागणार, मुलाचा स्वतःचा होकार पण, शिवाय कॉलेजची एथिक्स कमिटी. पालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाकडे अर्ज. एवढ्याला वेळ नसेल तर सरळ शिक्षकांच्या मुलाखती घ्या, काम खूप सोपं होतं (आणि शिक्षक बोलायला लागले की थांबत नाहीत).

प्रश्नावली शक्यतो स्वतः बनवू नका, एसडीक्यूसारखी (मुलांच्या भावना आणि वागणुकीतल्या अडचणी तपासणारी) २५ प्रश्नांची तयार आहे ती बघा. आणि दहावीच्या मुलांना जानेवारी ते मार्च अजिबात हात लावू नका, शाळा गेटवरूनच परत पाठवेल.

एखादं मूल बोलता बोलता रडलं किंवा जीव देण्याचं बोललं तर कोणाला कळवायचं, हे प्रपोजलमध्येच लिहा.